गळलेले फळ आधी चिरून पाहावे

भिलाईच्या सेक्टर ६ मधील परसबाग असो वा दुर्ग जिल्ह्यातील भाजीमळा, लाल भोपळ्याची कोवळी फळे पिवळी पडून गळू लागली की संशय फळमाशीवर जातो आणि फवारणी होते. गळलेले फळ आधी चिरून पाहावे. आत अळ्या आढळल्यास दोष फळमाशीचा. नसल्यास बहुधा परागीभवन अपुरे. भोपळ्याचे जड, चिकट पराग वाऱ्याने वाहत नाहीत; ते मुख्यतः मधमाश्या नेतात. म्हणूनच सकाळची फवारणी फळगळ वाढवू शकते.

फळमाशीसाठी क्यू-ल्युअर सापळे लावावेत, किडकी फळे खोल पुरावीत. फवारणी अटळच असल्यास ती फुले मिटल्यावर, सायंकाळी करावी. दुधी व दोडक्याची फुले मात्र सायंकाळीच उमलतात. तेथे ही वेळ टाळून सापळे व स्वच्छतेवर भर द्यावा.