जनरल रजिस्टर आणि क्लाउडवरील डेटाबेस

जनरल रजिस्टर हा शाळेचा मूळ दस्तऐवज होय. मुलाचे नाव, जन्मदिनांक व दाखल झाल्याची तारीख यांना आयुष्यभर त्याचाच आधार असतो. 26 जुलै 2005 च्या महापुरात उल्हास नदीचे पाणी कल्याण-बदलापूर परिसरात शिरले. अशा पाण्यात रजिस्टर भिजले तर ते पुन्हा कोठून आणावे? नोंदी एकाच कपाटात असू नयेत, हाच यातील बोध. सन 2015 पासून विद्यार्थ्यांच्या नोंदी 'सरल' प्रणालीत भरल्या जाऊ लागल्या. अशा नोंदी जपण्याचे एक साधन म्हणजे क्लाउडवरील डेटाबेस सेवा. तिचे स्वरूप शिक्षकांनी जाणून घेणे इष्ट आहे.

डेटाबेस म्हणजे परस्परांशी जोडलेले तक्ते. ही कल्पना एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडली. एका तक्त्यात विद्यार्थी, दुसऱ्यात शाळा, आणि दोहोंना जोडणारा क्रमांक. 'मुरबाड तालुक्यातील चौथीच्या मुलींची यादी द्या' अशी आज्ञा ज्या भाषेत देतात ती एसक्यूएल.

क्लाउड म्हणजे ढग. परंतु ही यंत्रे आकाशात नसतात. आपल्याच जिल्ह्यात ऐरोली-महापे परिसरात अशी डेटा सेंटरे उभी आहेत. केंद्र शासनाने 2014 मध्ये स्वतःची 'मेघराज' ही क्लाउड व्यवस्था सुरू केली. या पद्धतीत यंत्र विकत न घेता सेवा वापरापुरती घेतात. यंत्राची दुरुस्ती व राखीव प्रती हे काम सेवा देणाऱ्याचे. प्रवेशाच्या दिवसांत काम वाढले तर यंत्राची शक्ती वाढविता येते. दुसऱ्या इमारतीत जुळी प्रत ठेवता येते. अनेक सेवांत मागील 35 दिवसांपर्यंतच्या इच्छित क्षणाची स्थिती परत आणता येते.

आणखी एक गुण महत्त्वाचा आहे. दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडकडील कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात. तेव्हा मुलाचे नाव जुन्या शाळेतून कमी होणे व नव्या शाळेत चढणे, ही दोन कामे होतात. मध्येच वीज गेली तर मूल कोणत्याच शाळेत उरणार नाही. म्हणून डेटाबेसला ही दोन्ही कामे मिळून एकच व्यवहार मानावयास सांगता येते. तो पूर्ण होतो, नाहीतर मुळीच होत नाही.

व्यवस्थापन मात्र माणसांनीच करावयाचे असते. ज्याला जेवढे काम, तेवढाच अधिकार द्यावा. परवलीचा शब्द फळ्याशेजारी लिहून ठेवू नये किंवा दुकानदारास सांगू नये. राखीव प्रतीवरून नोंदी खरोखर परत येतात की नाही, हे जबाबदार अधिकाऱ्याने अधूनमधून पडताळून पाहावे.

शेवटी हे ध्यानात ठेवावे की, सेवा नोंद जपते; ती खरी आहे की नाही हे तिला कळत नाही. 2 जूनऐवजी 6 फेब्रुवारी लिहिले गेले, तर तीच चूक सर्व प्रतींत इमानाने जपली जाईल. भट्टीवरून आलेल्या मुलाचा जुना क्रमांक न शोधता नवी नोंद केली, तर कागदोपत्री एका मुलाची दोन मुले होतील, आणि जुन्या शाळेत ते गैरहजरच दिसत राहील. म्हणून नोंद पाठविण्यापूर्वी ती मूळ दाखल्याशी ताडून पाहावी. हे काम आजही शिक्षकाचेच आहे.