चार चाकांची बरोबरी

बॉस्टनहून भाच्याने विचारले, ‘‘मामा, खड्ड्यात आपटून पुढचे दोन टायर गेले. गॅरेजवाला चारही बदला म्हणतो. लूटच ना?’’

मी इंजिनिअर नाही, पण हिशेब मांडला. नव्या टायरचा व्यास ६४० मिलिमीटर धरू. मागच्या टायरांचा थर ४ मिलिमीटर झिजला असेल, तर व्यास ८ ने घटतो. तेवढ्याने ते किलोमीटरमागे सुमारे ६ फेरे जादा घेतात. भाच्याच्या रोजच्या ४० किलोमीटरांत अडीचशे. इंजिन दोनच चाके फिरवत असेल, तर यंत्रणेला त्याचे काही नाही. चारही फिरवत असेल, तर हा फरक मधल्या जोडणीला पचवावा लागतो. सुबारूच्या हाताने गिअर टाकायच्या अनेक गाड्यांत तिथे सिलिकॉनच्या दाट द्रवात बुडालेल्या चकत्या असतात. सरळ रस्त्यावरही त्या घसरत राहिल्या, की द्रव तापतो, खराब होतो. मग चकत्या जखडतात आणि वळताना गाडी अडते. म्हणून टायरांच्या घेरातला फरक पाव इंचाच्या आत ठेवा, असे सुबारू सांगते. आमच्या हिशेबात तो इंचभर निघाला.

‘अशा गाड्या टिकत नाहीत’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनी आधी टायर पाहावेत. जुनी गाडी घेतानाही बॉनेट उघडण्याआधी मी चारही टायरांची नक्षी मोजेन.

भाच्याला चार घ्यायला सांगितले. नवा टायर तासून जुन्याइतका करून देणारेही तिकडे आहेत म्हणे!