बांधलेला गुंता

मे महिन्यात भंडाऱ्यातल्या एका सहकारी संस्थेतून फोन आला. सर्व्हर आता मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये गेलेत, मागच्या खोलीतला रॅक काढायचा आहे, तुम्हीच भरला होता तर वायरी ओळखायला या. ऊन उतरल्यावर पोचलो, तोवर काम उरकलं होतं. एकेक वायर सोडवण्याऐवजी कंत्राटदाराच्या पोरांनी जुडगेच्या जुडगे कटरने कापून टाकले होते. फरशीवर निळ्या आणि करड्या वायरींचे तुकडे पडले होते. एक उचलला. त्यावर माझ्या अक्षरातली चिठ्ठी अजून तशीच होती: ‘ब-२-१४’. ब इमारत, दुसरा मजला, चौदावा पॉइंट. कर्ज विभागातलं खिडकीजवळचं टेबल.

कापायला माझी हरकत नव्हती. सर्व्हर गेल्यावर रॅक ठेवून कोण काय करणार? पण चोवीसच्या चोवीस वायरी एकाच मापाच्या का आहेत, हे कापणाऱ्याला विचारावंसंही वाटलं नाही, ते लागलं. त्याहून जास्त लागलं समोरच्या भिंतीकडे बघून. रॅकच्या जागी आता एक छोटी पेटी आहे. आत एक स्विच, फायबरचा डबा, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, आणि तीन-तीन मीटरच्या पॅचकॉर्डांची वेटोळी प्लॅस्टिकच्या टायने आवळून कोंबलेली. पेटीचं दार लागत नाही. बसवून चारच महिने झालेत.

नव्वदच्या दशकाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मोजक्या कार्यालयांत संगणक होते. ते एकमेकांना जोडलेले असलेच तर एका काळ्या कोअ‍ॅक्स वायरवर, टी-कनेक्टर लावून, दोन्ही टोकांना पन्नास ओहमचे टर्मिनेटर बसवून. एक टी ढिला झाला की सगळं कार्यालय बंद. एकच वायर, त्यात गुंता कुठून होणार? १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा कागदांचे गठ्ठे वाटावे लागले, वायरी वाटायची वेळ आली नाही. मी त्या वर्षांत प्रिंटरच्या रिबिनी बदलत होतो.

माझं दशक २००५ ते २०१५. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं. २००७ मध्ये न्यायालयांसाठी ई-कोर्टाचा प्रकल्प आला. सेतू केंद्रं वाढली, आणि सहकारी बँकांच्या मागे रिझर्व्ह बँकेने कोअर बँकिंगचा तगादा लावला. पाच-सहा वर्षांत जिकडे तिकडे एक एसी लावलेली खोली आणि तिच्यात लोखंडी रॅक आला. जगभर एकाच मापाचा, एकोणीस इंच रुंद. उंची यूमध्ये मोजायची, एक यू म्हणजे पावणेदोन इंच, पूर्ण रॅक बेचाळीस यूचा. सगळे पुढच्या काचेच्या दारामागचे दिवे बघायचे. मागचं दार मी उघडायचो.

मागे काय असायचं? भिंतीतून आलेली प्रत्येक वायर तशीच लोंबत येऊन थेट स्विचमध्ये घुसायची. पॅचपॅनेल नाही, चिठ्ठी नाही. आणि या गुंत्याचं मूळ निविदेतच होतं, हे मी तेव्हाही ओरडून सांगत होतो. वायरिंगचे पैसे मीटरवर मिळायचे. ज्याला मीटरवर पैसे, तो वायर आखूड का कापेल? जास्तीची वायर छताच्या वर, रॅकच्या तळाशी, टेबलाखाली गुंडाळून ठेवायची आणि मोजमाप पुस्तिकेत चढवायची. ती मोजमापं ज्यांनी डोळे मिटून मंजूर केली, त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

दुसरा राग वायरीवरचा. भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखलं जाणारं गाव. इथल्या म्हाताऱ्या बाईला भांडं वाजवून धातू कळतो. त्याच गावात तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर खपवली गेली. ब्लेडने तार खरवडली की आतून पांढरी निघायची. ही वायर वाकवली की क्रिंपपाशी तुटते, अवरोध जास्त म्हणून लांबवर कमकुवत पडते, आणि तिच्यातून कॅमेऱ्याला वीज दिली तर तापते. एक पॉइंट बंद पडला की नवी वायर टाकायची, जुनी तशीच राहायची. दोन वर्षांत रॅकमागे मेलेल्या वायरींचा ढीग. कुठली मेलेली, कुठली जिवंत, हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून काढायची छाती कुणाची होत नाही.

३१ मार्च २००९. एका संस्थेच्या मुख्य कार्यालयात वर्षअखेरीची गर्दी. एक प्रिंटर चालेना म्हणून तिथल्या तंत्रज्ञाने मागून एक वायर ओढली. ती प्रिंटरची नव्हती. तिच्याबरोबर गुरफटलेल्या आणखी दोन निसटल्या आणि अख्ख्या वसुली विभागाचे पडदे गोठले. मला बोलावलं, मी खाली बसून हाताने एकेक वायर चाचपत गेलो. तीन तास लागले. मुदतीत पीककर्ज भरलं तर व्याजात सवलत, एक दिवस उशीर झाला तर ती गेली. रांगेत लाखांदूरकडचे एक शेतकरीबाबा होते, धान विकून आणलेले पैसे धोतराच्या कनवटीला. त्यांनी मला कडक शब्दांत काही म्हटलं नाही. फक्त विचारलं, “होईल ना जी आजच्या आज?” झालं, रात्री साडेसातला झालं. पण तो प्रश्न ऐकल्यापासून वायरींची शिस्त माझ्यासाठी दिसण्यापुरती राहिली नाही.

शिकवणारे दोघं भेटले. पहिले टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले एक काका. दूरसंचार खात्याचं १ ऑक्टोबर २००० ला बीएसएनएल झालं, त्याच्या आधीपासूनचे. एक्स्चेंजमध्ये एक मोठी चौकट असते. एका बाजूला गावातून आलेल्या लाइनी, दुसऱ्या बाजूला एक्स्चेंजचे नंबर, आणि मधे दोन्ही जोडणाऱ्या तारा, म्हणजे जंपर. काकांचा पहिला धडा: लाइनच्या बाजूला एकदा बसवल्यावर हात लावायचा नाही, सगळा बदल जंपरवर. दुसरा: जुना जंपर काढल्याशिवाय नवा टाकायचा नाही. त्यांच्या तरुणपणी जुडगे मेणाच्या दोऱ्याने विणत, वितीवर एक टाका, आणि त्यातून नेमकी एक जोडी जिथे हवी तिथे बाहेर पडायची.

पॅचपॅनेल म्हणजे तीच चौकट. भिंतीतली वायर एकसंध तारेची असते. ती सारखी हलली तर तुटते, म्हणून ती पॅनेलच्या मागे कायमची बसवायची. पुढून स्विचपर्यंत जाणारी पॅचकॉर्ड बारीक तारांच्या पेडाची, वाकणारी, हलवायला बनवलेली. एवढी साधी गोष्ट समजायला मला चार वर्षं लागली आणि काकांना सांगायला दहा मिनिटं.

दुसरा गुरू वयाने माझ्याहून लहान. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचा, कोष्ट्याच्या घरातला. घरी कोशाचे हातमाग. मी एका रॅकमागे टायने वायरी आवळत होतो, तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, बांधू नोका जी. आधी उकला.” त्याच्या घरी ताण्याच्या शेकडो तारा फणीतून जातात, प्रत्येकीचं घर ठरलेलं. घर चुकलं की कापडात दोष उतरतो. त्याने वीतभर लांबीची सागवानी पट्टी आणली, तिला करवतीने चोवीस खाचा पाडल्या आणि पॉलिश कागदाने घासून गुळगुळीत केल्या. चोवीस वायरी चोवीस खाचांत बसवायच्या आणि पट्टी पॅनेलपासून मागे मागे सरकवत न्यायची. पट्टी सरकते तशा वायरी एकमेकींना न ओलांडता सरळ झोपतात. मग हलका वेल्क्रो. प्लॅस्टिकचा टाय करकचून आवळला की आतल्या पिळाच्या जोड्या दबतात आणि चाचणीत वायर नापास होते, हेही तेव्हाच कळलं. असल्या फण्या परदेशात विकत मिळतात हे मला कितीतरी उशिरा समजलं. दहा गिगाबिटच्या वायरी इतक्या शिस्तीत एकमेकींना खेटून ठेवू नयेत असंही पुढे वाचलं, पण आमचं काम एक गिगाबिटचं होतं.

मग आम्ही दोघांनी पुढची बाजू धरली. तोवर रीत अशी, की वर दोन पॅनेल, खाली दोन स्विच, आणि मधे नागपूरहून, सीताबर्डीवरून आणलेल्या दोन-दोन मीटरच्या कॉर्डा. अठ्ठेचाळीस कॉर्डा म्हणजे शहाण्णव मीटर वायर रॅकच्या तोंडावर पडद्यासारखी. आम्ही क्रम बदलला. पॅनेल, लगेच खाली स्विच, पुन्हा पॅनेल, पुन्हा स्विच. पोर्टाखाली पोर्ट. फूटभराची कॉर्ड पुरली. शहाण्णव मीटरचे पंधरा मीटरच्या आत आले आणि स्विचचे दिवे पहिल्यांदा दिसले. वीजवायरी डाव्या खांबाने, डेटा उजव्या खांबाने. मेलेल्या वायरी तीन रविवार बसून दोन्ही टोकांनी तपासून काढल्या. शंभरातल्या चाळीसेक वायरींचं दुसरं टोक कुठेच नव्हतं.

सर्व्हरमागेही हेच. एका यंत्राला दोन वीजवायरी, दोन नेटवर्कच्या, एक बॅकअपची, आणि की-बोर्ड, माउस, पडद्याच्या जाड तीन. आठ. सहा यंत्रांच्या अठ्ठेचाळीस. मागे वायर धरून ठेवणारा घडीचा हात यायचा, तो हवा अडवायचा. भंडाऱ्याचा मे पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. भारनियमनात एसी बंद, यंत्रं बॅटरीवर चालू, आणि मागे वायरींची गोधडी. तो हात आम्ही सगळीकडून काढून टाकला. २०१२ च्या सुमारास सहा यंत्रांचं काम दोन मोठ्या यंत्रांत आभासी सर्व्हर म्हणून बसलं, पडदा आणि की-बोर्ड व्यवस्थापनाच्या एका पोर्टवर आला. अठ्ठेचाळीसच्या चौदा झाल्या. गुंता खऱ्या अर्थाने कमी झाला तो असा, वायरी कमी झाल्यामुळे.

उंदरांचं सांगायलाच हवं. धानाचा जिल्हा, कार्यालयाला लागून गोदाम. भिंतीच्या भोकातून वायर येते तिथूनच उंदीर येतो. भांडी घासायची तारेची घासणी भोकात ठासून भरली की तो येत नाही. एवढ्या वर्षांतला माझा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकलेला उपाय.

प्रत्येक खोलीत एक रजिस्टर ठेवलं होतं. पॉइंट, पॅनेल, पोर्ट, तारीख, सही. काकांची सवय.

२०१५ नंतरचं लिहायला हात जड होतो. वायफाय आलं, लोक म्हणू लागले आता वायर कशाला? कॅमेरे आले, त्यांचे ठेकेदार वेगळे. त्यांनी रेकॉर्डर रॅकच्या तळाशी ठेवला आणि वायरी समोरूनच आत घातल्या. ३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्तीत बीएसएनएलची सुमारे ७८ हजार माणसं एका दिवसात घरी गेली. चौकटीवर लाइन लावणारे हातही त्यांत गेले आणि त्यांच्या जागी कुणाला बसवून शिकवलेलं नव्हतं.

त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला पूर आला. तळमजल्यावरच्या ज्या पेट्या मी बघितल्या, त्यांत वायरीने पाणी आतून वर ओढून घेतलं होतं. पुराच्या खुणेच्या हातभर वर जॅकेट कापलं तरी गाळाचं पाणी निघायचं. पिना कळकून हिरव्या पडल्या होत्या. ज्या दोन ठिकाणी रजिस्टर वरच्या कपाटात होतं, तिथे चार दिवसांत सगळं परत उभं राहिलं. जिथे नव्हतं, तिथे महिना गेला.

आणि ९ जानेवारी २०२१. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात कक्षाच्या आगीत दहा बाळं गेली. त्यावर मी काय लिहू? एवढंच, की त्यानंतर मी ज्या ज्या कार्यालयात गेलो, तिथे माणसं पहिल्यांदा स्वतः होऊन मागचं दार उघडून वायरी दाखवत होती. पीव्हीसीचं आवरण जळलं की गुदमरवणारा, आम्लाचा धूर होतो. कमी धूर करणारं आवरण मिळतं, थोडं महाग असतं, आणि माझ्यासमोर आलेल्या एकाही निविदेत ते नव्हतं. काही महिने विचारणा झाली, तपासण्या झाल्या. कितीतरी जागी लोंबणाऱ्या वायरी गोळा करून झाकणामागे आवळल्या आणि फोटो पाठवून दिला. आत एकही वायर कमी झाली नव्हती.

मे महिन्यात त्या सहकारी संस्थेतून निघताना मी रजिस्टर मागितलं. आधी कुणालाच आठवेना. मग शिपाईदादांनी इन्व्हर्टरच्या बॅटरीखाली उंचीला लावलेलं काढून दिलं. कोपरा आम्लाने खाल्लेला, पण आतली पानं शाबूत. शेवटची नोंद ऑगस्ट २०१६ ची, अक्षर त्या आंधळगावच्या पोराचं. पुढची पानं कोरी.

भिंतीवरच्या नव्या पेटीत सोळा वायरी आहेत, मी उभ्या उभ्या मोजल्या. रविवारी कार्यालय बंद असतं. दादांकडे किल्ली मागून ठेवली आहे, आणि फूटभराच्या सोळा कॉर्डा घरी क्रिंप न करता तयार विकत आणल्या आहेत. रजिस्टरच्या पहिल्या कोऱ्या, सतराव्या पानापासून लिहायला सुरुवात करीन.