घरादाराची हौस : डुक्कर फियाट

जुन्या वाड्याच्या बोळात, बंगल्याच्या गॅरेजमध्ये किंवा सोसायटीच्या मागच्या भिंतीला टेकून ताडपत्रीखाली झोपलेली एखादी फियाट तुमच्या पाहण्यात असेलच. कदाचित ती तुमच्याच घरची असेल. सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली, मुलांना शाळेत सोडलेली, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या आणलेली. आणि आता चारी चाकांत हवा नसलेली. मांजर दर पावसाळ्यात तिच्याखाली पिल्लं घालतं. भंगारवाला अधूनमधून बेल वाजवून विचारतो, "ताई, गाडी काढायची का?" यजमान म्हणतात, "राहू दे, बघू." हे 'बघू' दहा-दहा वर्षं चालतं.

मैत्रिणींनो, हे 'बघू' एकदाचं संपवायचं कसं, त्याबद्दल आज बोलू या. जुनी गाडी दुरुस्त करून रस्त्यावर आणायची आणि हिवाळ्यातल्या मेळाव्यात मिरवायची, ही हौस आता बऱ्याच घरांतून दिसते. पण बहुतेक ठिकाणी ती 'ह्यांची' हौस असते. घरच्या बाईच्या वाट्याला काय, तर खर्चाची धास्ती आणि तेलकट शर्टांची धुणी! माझं स्पष्ट मत असं, की एकट्यादुकट्याची ही हौस निम्म्यावर अडते. गाडी खोलली जाते, भाग खोक्यांतून भरले जातात आणि ती खोकी माळ्यावर जातात. सगळं घर कामाला लागलं तरच ती तडीला जाते.

आधी तिची कुळकथा. ही मूळची इटलीतल्या तुरिनची. फियाट कंपनीची ही 'अकराशे' (तिकडे म्हणतात 'मिल्लेचेंतो') १९५३ साली जिनीव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. तिचा कर्ता दान्ते जाकोसा. इटलीत घराघरात पोचलेली, तीन मीटरहूनही आखूड अशी फियाट ५००, जी १९५७ साली आली, तीही त्याचीच. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या अकराशे बाहेर पडू लागल्या. पुढून गोल, फुगीर, नाकाड पुढे काढलेलं. लोकांनी नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'! नाव असं, पण त्यात मायाच जास्त. पुढची दारं उलटी उघडतात, म्हणजे बिजागऱ्या मधल्या खांबाला. साडी सावरत उतरायला यासारखं दार नाही, असं जुन्या बायका अजून सांगतात. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. पुढे तिची रूपं बदलत गेली आणि सत्तरीच्या दशकात ती 'प्रीमियर पद्मिनी' झाली. पण इंजिनाचा वंश तोच राहिला, १०८९ सीसीचा.

याच गोष्टीचा आपल्याला मोठा फायदा आहे. पद्मिनीचं उत्पादन २००० सालाच्या आसपास थांबलं, तोवर लाखो घरांनी आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती वापरली. त्यामुळे इंजिनाचे पुष्कळ भाग चोरबाजारात, कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या दुकानांत आजही सापडतात. मात्र डुकराच्याच अंगाचे म्हणावेत असे भाग, म्हणजे दिव्यांच्या कड्या, दारांच्या मुठी, पुढची जाळी, यांच्यासाठी चपला झिजवाव्या लागतात.

आणि घाई का करायची, तेही सांगते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी गेल्या. वीस वर्षांची मुदत भरली. टॅक्सी होत्या तोवर नाक्यानाक्यावर फियाटचा मिस्त्री होता. नुसत्या आवाजावरून व्हॉल्व्ह सैल झाला की प्लग काळा पडला, ते सांगणारा. आता गिऱ्हाईक नाही, मग त्यांची मुलं ही विद्या कशाला शिकतील? सामान आणखी काही वर्षं मिळेल. हे हात मिळतीलच असं नाही. तेव्हा 'मुलाचं बारावीचं होऊ दे, मग बघू' असं म्हणणार असाल, तर निदान एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीला चहाला बोलावून गाडी दाखवून तरी ठेवा.

आता पहिलं काम. रंग नव्हे, इंजिनही नव्हे. पहिलं काम कागदपत्रांचं. पुष्कळ घरांत गाडीचं आरसी बुक अजून कैलासवासी सासऱ्यांच्या नावावर असतं. तुम्ही पदरचे पैसे घालून गाडी चकचकीत केलीत आणि मग दिराला बाबांच्या आठवणीचे उमाळे आले, तर? हसू नका. भंगाराच्या भावात जिच्याकडे कुणी पाहिलं नाही, ती उभी राहिली की सगळ्यांची होते. म्हणून वारसांनी आधीच एकत्र बसावं, गाडी कुणाच्या नावावर करायची ते लेखी ठरवावं, सह्या घ्याव्या आणि आरटीओत नाव लावून घ्यावं. नणंदेलाही विचारा. तीही वारसच आहे, आणि त्या गाडीतून सासरी गेलेली असेल तर तिचा जीव त्यात तुमच्याहून जास्त.

दुसरी गोष्ट हिशेबाची वही. ती तुमच्या हातात हवी. मिस्त्री जो आकडा सांगेल त्याच्या दीडपट मनात धरा. आगाऊ रक्कम एकदम देऊ नका. काम जसं सरकेल तसे पैसे द्यावे, आणि जुना काढलेला भाग परत मागून घ्यावा. मुलांच्या फीच्या किंवा आजारपणासाठी ठेवलेल्या पैशाला या हौसेसाठी हात लावायचा नाही, एवढी एक अट सुरुवातीलाच घाला. महिनाभर काम थांबलं तर गाडी रुसत नाही.

खरा शत्रू गंज. या गाडीला वेगळी चौकट नाही. पत्र्याचं अंग हाच तिचा सांगाडा. त्यामुळे बाहेरून ती कितीही गोजिरी दिसो, पायाखालचा पत्रा आणि दाराखालचे उंबरे कुजले असतील तर घराचा पायाच कुजला म्हणायचा. गालिचे उचलून पाहा. फ्रिजवरचं एखादं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे ते चिकटत नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. समुद्राकाठच्या गावातली गाडी असेल तर हे आधी, बाकी सगळं मागून.

वर्षानुवर्षं बंद असलेलं इंजिन उत्साहाच्या भरात नवी बॅटरी लावून फिरवू नये. प्लग काढून आत थोडं इंजिन ऑइल सोडावं, दोन-तीन दिवस मुरू द्यावं, मग हातानं हळूहळू फिरवावं. लोणच्यासारखंच आहे, मुरायला वेळ द्यावा लागतो. टाकीतलं जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं, ते काढून टाकी धुऊन घ्यावी. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या ते सोसतील अशा, नव्या घालाव्या. ब्रेकमधली रबरं तर डोळे मिटून बदलावी. गाडी चालू होण्याआधी थांबायला शिकली पाहिजे! विजेच्या तारांचं वेष्टण कडक होऊन तडकलं असेल तर तिथे काटकसर नको. आणि गाडीत आग विझवायचं लहान नळकांडं कायम असू द्या.

मुलांना कुठलं काम द्यावं? खोललेल्या प्रत्येक भागाचा आधी फोटो, मग चिठ्ठी. कुठला स्क्रू कुठला, ते लिहून मसाल्याच्या जुन्या डब्यांतून ठेवायचं. दहा वर्षांची मुलगी हे काम बापापेक्षा नीट करते, हे मी आमच्याच घरात पाहिलं आहे. आजीला खुर्ची टाकून जवळ बसवा. सीटवर कसलं कापड होतं, आरसा कुठल्या बाजूला होता, टपावर सामानाचं कडं होतं का, हे तिच्याखेरीज कुणाला आठवणार? जुन्या अल्बममधले लग्नाचे, सहलीचे फोटो काढा. कुणाच्या तरी खांद्यामागे गाडीचा एखादा कोपरा सापडतोच.

रंगावरून मात्र घरात वाद होणार. आजी म्हणणार, मोतिया होती. काका म्हणणार, फिकट निळी. भांडू नका. डॅशबोर्डच्या मागे किंवा डिकीतल्या चटईखाली पाहा. पुन्हा रंगवताना तिथे सहसा कुणाचा ब्रश पोचत नाही. मूळ रंग तिथे सापडतो. आणि सापडला, की तोच द्यावा. लालभडक रंग, चमचमती चाकं, आत जांभळे दिवे, असं नटवलेलं पाहिलं की मला एखाद्या शांत आजीला जबरदस्तीनं ओठ रंगवून वरातीत उभं केल्यासारखं वाटतं. जे जुनं धड आहे ते तसंच ठेवावं. सीटचं रेक्झिन दोन ठिकाणी उसवलं असेल तर आपल्या हातानं टाका घालावा, सगळी सीट फाडून नवी करू नये. जगभरच्या प्रदर्शनांतून आता मूळ स्थितीत जपलेल्या गाड्यांचा वेगळा मान असतो, हे चकचकाटाच्या मागे लागलेल्या यजमानांना सांगून पाहा.

घरगुती सूचना दोन-चारच. क्रोमच्या पट्ट्यांना चिंच, राख, तारेची घासणी यांतलं काही लावू नका. ते पितळेच्या भांड्यांना ठीक. क्रोमचा थर पातळ असतो, तो जातो. सौम्य साबणाचं पाणी आणि धुऊन मऊ झालेलं मलमलीचं धोतर पुरे. पावसाळ्यात प्लास्टिक घट्ट गुंडाळू नये. आत ओल कोंडते. सुती आवरण घालावं आणि उघडीप मिळेल तेव्हा दारं उघडी ठेवावी. खाण्याचा कण आत राहू देऊ नका. उंदीर आधी चिवडा खातात, मग वायरी.

२०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात. मान मोठा, पण एक मेख आहे. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तुम्हाला रविवारी तिच्यातून भाजी आणायची असेल, मावशीकडे जायचं असेल, तर साधी नोंदणीच तपासणी करून वेळच्या वेळी नवी करून घ्यावी. मी तरी हाच रस्ता घेईन. चालवली नाही तर ती पुन्हा झोपेल.

आणि चालवा तुम्हीसुद्धा! मेळाव्यात नऊवारी नेसून, नथ घालून बॉनेटवर हात ठेवून फोटोला उभं राहायचं काम बायकांकडे येतं. जरूर नेसा, पण मग त्याच नऊवारीत स्टिअरिंगवर बसा. दांड्यावरचा गिअर आठवड्याभरात हाताला बसतो. पहिला गिअर मात्र गाडी पुरती थांबल्याशिवाय टाकू नका, करकरते. इटलीत गार्लेंडा नावाच्या छोट्या गावात फियाट ५००वाल्यांचा क्लब १९८४ साली निघाला. तिथे उन्हाळ्यात भरणाऱ्या मेळाव्याला माणसं मुलाबाळांसकट, खाण्याच्या टोपल्या घेऊन येतात. आपल्याकडे व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या रॅली मुंबईत होतात. पहिल्या वर्षी नुसत्या पाहायला जा, गाडी न घेता. दुसऱ्या डुक्करवाल्यांशी ओळखी करून घ्या. कोणाकडे दाराची जादा मूठ आहे, कोणाचा मिस्त्री चांगला, हे तिथेच कळतं.

गाडी घेऊन जाल त्या दिवशी पहाटे निघा. सोबत पाण्याचा कॅन, प्लगचा पाना, फॅनबेल्ट आणि थालीपिठांचा डबा असू द्या. उन्हात, गर्दीत बराच वेळ थांबावं लागलं की पेट्रोल पंप तापतो, आत पेट्रोलची वाफ धरते आणि गाडी मुकाट बंद पडते. घाबरू नका, ढकलायलाही लावू नका. बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि पंधरा मिनिटं सावलीत बसून डबा उघडायचा. तेव्हा घरातला एक जुना नॅपकिन डॅशबोर्डच्या खणात आजच ठेवून द्या.