नातवाच्या निवृत्तीसाठी आजोबांना गुंतवणूक करता येते का?

कोल्हापुरात नातवंडांसाठी पैसे बाजूला ठेवायच्या दोन रीती चालत आल्या आहेत. गुजरीत जाऊन थोडं सोनं घ्यायचं, नाहीतर ओळखीच्या पतसंस्थेत ठेव करायची. १८ सप्टेंबर २०२४ ला त्यात तिसरी भर पडली. केंद्र सरकारने लहान मुलांसाठी 'एनपीएस वात्सल्य' ही पेन्शन योजना सुरू केली. तेव्हापासून निवृत्त आजी-आजोबा एक प्रश्न विचारू लागले आहेत: नातू पंधरा वर्षांचा आहे, आमच्याकडे लाखभर रुपये आहेत, ते यात घालावेत का?

आधी एक अडचण पाहू. हे खातं आजोबांना उघडता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाचं खातं त्याचे आई-वडील किंवा कायदेशीर पालकच उघडतात. पीपीएफचंही तसंच आहे. आई-वडील हयात असताना आजोबा नातवाचं पीपीएफ खातं उघडू शकत नाहीत. सुकन्या समृद्धी खात्यांबाबत हा घोळ बराच झाला होता. आजी-आजोबांनी हौसेने उघडलेली खाती आई-वडिलांच्या नावे वळवून घ्या, असं सरकारला २०२४ मध्ये सांगावं लागलं. (सुकन्या तशीही दहा वर्षांपर्यंतच्या मुलींसाठीच आहे, त्यामुळे नववीतल्या नातीला ती लागू नाही.)

मग आजोबांनी काय करायचं? पैसे भेट द्यायचे. आजोबांनी नातवाला दिलेल्या रकमेवर, ती कितीही असली तरी, कर लागत नाही. रक्कम चेकने किंवा ऑनलाइन द्यावी आणि सोबत साध्या कागदावर भेटपत्र लिहून ठेवावं. दोन मुलगे, चार नातवंडं असलेल्या घरात हा कागद पुढे फार उपयोगी पडतो. एक बारकावा मात्र आहे. तीच रक्कम नातवाच्या नावे मुदत ठेवीत टाकली, तर तिचं व्याज दरवर्षी आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरलं जातं. आजोबांची भेट आणि मुलाला कर, असा प्रकार होतो. पेन्शन खात्यातल्या वाढीवर असा दरवर्षीचा कर नाही.

आता खरा मुद्दा: पैसे गुंतवायचे कशात? वात्सल्य हे फक्त खातं आहे. आतला पैसा शेअर बाजारात किती आणि सरकारी व कंपन्यांच्या रोख्यांत किती, हे निवडावं लागतं. फॉर्मवर काहीच खूण केली नाही, तर निम्मा पैसा शेअर्समध्ये जातो. खूण केली तर हा वाटा ७५ टक्क्यांपर्यंत नेता येतो. वय वाढेल तसा तो आपोआप कमी होत जाणारा पर्यायही आहे. त्यात पस्तिशीपर्यंत ७५ टक्के कायम राहतात आणि मग दरवर्षी थोडे उतरतात.

पंधरा वर्षांच्या मुलासाठी हा ७५ टक्क्यांचा पर्याय निवडावा, असं आमचं मत आहे. आजोबांना स्वतःच्या पैशाबाबत बाजाराची भीती वाटते ती रास्तच आहे, कारण सत्तरीत बाजार पडला तर भरून निघायला वेळ नसतो. नातवाकडे साठीपर्यंत पंचेचाळीस वर्षं आहेत. एक लाख रुपयांवर सरासरी ७ टक्के मिळाले तर तेवढ्या काळात साधारण २१ लाख होतात, १० टक्के मिळाले तर सुमारे ७३ लाख. हे आकडे ऐकून एजंटाच्या सुरात हुरळून जाऊ नका. महागाई ५ टक्के धरली, तर २१ लाखांची किंमत आजच्या सव्वादोन लाखांच्या आसपास भरते आणि ७३ लाखांची आठ लाखांच्या आसपास. १० टक्के मिळतीलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण एवढ्या लांब पल्ल्यात सगळा पैसा रोख्यांत ठेवला, तर महागाई तो पोखरते हे नक्की. योजनेच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे: निधी सांभाळण्याचा खर्च बराच कमी आहे.

खोच आहे ती अठराव्या वर्षी. तेव्हा खातं नातवाच्या हाती येतं, त्याला नव्याने केवायसी करावी लागते आणि, योजना सुरू झाली तेव्हाच्या नियमानुसार, खातं नेहमीच्या एनपीएसमध्ये जायचं. शिक्षण किंवा आजारपणासाठी भरलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत पैसे काढता येतात, पण तीन वर्षं झाल्यावर. पंधराव्या वर्षी खातं उघडलं, तर तीन वर्षं पुरी होईपर्यंत मुलगा अठराचा झालेला असतो. म्हणजे तीन वर्षांच्या बाळाच्या आजोबांना ही सोय तुमच्यापेक्षा जास्त कामाची आहे. अठराव्या वर्षी बाहेर पडायचं म्हटलं तर, योजना सुरू झाली तेव्हाच्या नियमानुसार, अडीच लाखांवरच्या रकमेतले फक्त २० टक्के रोख मिळायचे आणि बाकीच्याची पेन्शन घ्यावी लागायची. पैसे काढण्याचे आणि किमान हप्त्याचे नियम बदलत असतात, तेव्हा खातं उघडायच्या दिवशी बँकेत किंवा पोस्टात ते पुन्हा विचारा.

म्हणून बारावीनंतरच्या प्रवेशाची फी, हॉस्टेलचा खर्च यासाठी लागणारा पैसा इथे ठेवू नका. तो साध्या बँकेत ठेवा. पतसंस्थेत ठेवणार असाल तर एवढं लक्षात असू द्या, की ठेवीवरचं पाच लाखांपर्यंतचं विमासंरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थांना नाही.

अठराव्या वर्षी नातवाला मोकळीक असावी असं वाटत असेल, तर त्याच्या नावे इंडेक्स म्युच्युअल फंड घेता येतो. पैसे मुलाच्या किंवा पालकाच्या बँक खात्यातून जावे लागतात, आजोबांच्या थेट नाही. पण मोकळीक म्हणजे अठराव्या वाढदिवशी ते विकून दारात बुलेट उभी करायचीही मोकळीक. पीपीएफ या दोन्हींच्या मध्ये बसतं. व्याज एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के, करमुक्त, आणि खातं पिकेल तेव्हा नातू तिशीच्या पुढे असेल. त्यात पालकाचं स्वतःचं आणि मुलाचं खातं मिळून वर्षाला दीड लाखांचीच मर्यादा आहे, त्यामुळे मुलगा-सुनेला आधी विचारा.

आणि स्वतःच्या औषधपाण्याचा पैसा मोडून यातलं काहीही करू नका. नातवाकडे पंचेचाळीस वर्षं आहेत, तुम्हाला दवाखान्याचं बिल पुढच्या महिन्यातही येऊ शकतं.