गाडीवरची नागपूरची धूळ

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमचे आबाजी बैलांना जाम नदीवर न्यायचे. काटोलकडची काळी माती बैलांच्या पोटाला, मांड्यांना वाळून खपलीसारखी धरलेली असायची. मी गवताचा चोथा घेऊन लगेच घासायला धावायचो, तर आबाजी हात धरायचे. ‘‘थांब. पहिले भिजू दे. वाळली माती घासली तर कातडी सोलते त्याची.’’ बैल गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, आबाजी ओंजळीनं पाणी उडवत राहायचे. बऱ्याच वेळानं माती आपसूक सुटायला लागली, की मग चोथा अंगावर फिरायचा. संध्याकाळी खांदशेकणी.

पुढे नागपुरात नोकरी लागली, पहिली गाडी घेतली, तीही काळी, आणि आबाजींचं हे शिकवणं मी साफ विसरलो. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी पुसायची आणि मग ऑफिसला जायचं. वर्षभरात एका रात्री पेट्रोल पंपावर ट्यूबलाइटखाली उभा असताना बॉनेटकडे लक्ष गेलं. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या हजारो बारीक रेषा चमकत होत्या. गाडी कुठे घासली नव्हती, कुणी ठोकलीही नव्हती. तिचा रंग मीच रोज सकाळी थोडाथोडा खरवडत होतो.

गाडीचा रंग म्हणजे एकच थर नसतो. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपल्याला दिसणारी झळाळी या शेवटच्या थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. त्यावर पडणारी धूळ कशाची असते ते पाहिलं, की कोरडा फडका हातात घेववत नाही. मातीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झ काचेवरही ओरखडा पाडतो. नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं आहेत. दगडी कोळसा जळून मागे उरणारी राख हातात पिठासारखी मऊ लागते, पण तिचे कण म्हणजे सिलिका आणि ॲल्युमिनाचे काचेसारखे टणक गोळे असतात. त्यात शहरभर सिमेंटचे रस्ते, उड्डाणपूल, मेट्रोची कामं. सिमेंटची भुकटी आम्लारी असते. दवानं किंवा पावसाच्या चार थेंबांनी ती भिजली, की रंगावर पांढरे डाग धरून बसते. असल्या धुळीवर फडका फिरवणं म्हणजे पॉलिशपेपर फिरवण्यासारखंच. म्हणून माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं हे, की धूळ पुसू नका, भिजवून वाहून जाऊ द्या. रोज पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नीट धुतलेली गाडी दहा वर्षांनी जास्त चांगली दिसते. मधले सहा दिवस तिच्यावर धूळ दिसली तर दिसू द्या.

आमच्या लेआउटमध्ये पहाटे गाड्या पुसायला एक पोरगा येतो. एक बादली, एक फडका आणि बारा गाड्या. तिसऱ्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि पहिल्या गाडीची वाळू बाराव्या गाडीवर घासली जाते. यात त्याचा दोष नाही. महिन्याला ठरलेले पैसे, दोन तासांत बारा गाड्या आणि प्रत्येक मालकाला गाडी रोज चमकायला हवी. मी त्याला दोन बादल्या आणि सहा मायक्रोफायबरचे फडके घेऊन दिले, आणि माझी गाडी आठवड्यातून एकदाच, पण पाणी टाकून कर, असं सांगितलं. पैसे तेवढेच ठेवले.

दोन बादल्यांची रीत अगदी सोपी आहे. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं साधं पाणी. आधी गाडीवर मगानं किंवा पाइपनं भरपूर पाणी सोडा आणि पाचेक मिनिटं थांबा. मग मऊ मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा, किंवा स्पंज शाम्पूत बुडवून एक भाग धुवा. पुन्हा शाम्पूत बुडवण्याआधी तो साध्या पाण्यात पिळून काढा. धुऊन झाल्यावर त्या साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघा. तिथे जमलेली वाळू बोटात घेऊन चोळली, की ती रंगावर फिरली असती तर काय झालं असतं, ते कळतं. सुरुवात टपापासून करा आणि खाली या, कारण सगळ्यात जास्त खडे दारांच्या खालच्या भागात असतात. हात गोल फिरवू नका, सरळ रेषेत न्या. चाकांसाठी वेगळा फडका हवा. ब्रेकमधून झिजलेल्या लोखंडाची काळी पूड तिथे असते, तो फडका चुकूनही बॉनेटवर येता कामा नये. आणि फडका हातातून जमिनीवर पडला, तर धुतल्याशिवाय तो पुन्हा गाडीला लावायचा नाही. हे ऐकायला फार सोवळं वाटेल, पण मायक्रोफायबरच्या धाग्यांत अडकलेला एक खडा अख्ख्या दारभर रेघ ओढतो.

भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर वापरू नका. त्यांचं काम तेलकटपणा खरवडून काढण्याचं, त्यामुळे गाडीवरचं मेणाचं संरक्षणही ते धुऊन नेतात. गाडीचा सौम्य शाम्पू दोन झाकणं घेतला तरी पुरतो. वॉशिंग सेंटरवर टायरना डिझेल किंवा ऑइल फासून काळं करून देतात, तेही नको म्हणून सांगा. चार दिवस टायर चमकतं खरं, पण पेट्रोलियम तेलानं रबर फुगतं आणि खराब होतं.

पाण्याचं एक वेगळंच प्रकरण आहे. नळाला येणारं पेंचचं पाणी त्यातल्या त्यात बरं. गाड्या मात्र बहुतेक घरी बोअरच्या पाण्यानं धुतल्या जातात आणि त्यात क्षार जास्त. हे नागपूरकराला समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी कूलरच्या जाळीवर आणि वाळ्याच्या ताट्यांवर जो पांढरा, खरखरीत थर चढतो, तोच थर गाडीवर थेंबाथेंबानं वाळत असतो. कूलरच्या समोरच गाडी लावत असाल, तर न धुताही तो चढतो. असले डाग ताजे असतील, तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून त्यात फडका भिजवायचा, डागावर मिनिटभर टेकवून ठेवायचा आणि लगेच स्वच्छ पाण्यानं धुवायचं. जुने डाग क्लिअर कोटमध्ये उतरलेले असतात, ते पॉलिशशिवाय जात नाहीत. त्यापेक्षा पाणी गाडीवर वाळूच द्यायचं नाही. सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावर सावलीत धुवा, आणि कोरडी करताना मोठा टॉवेल गाडीवर पसरून वरून नुसता दाबा.

ऊन म्हणजे कसं, ते नागपूरला वेगळं सांगायला नको. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंशांची नोंद झाली. मे अखेरच्या नवतपात उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात टेकवत नाही. त्या उन्हात पक्ष्याची विष्ठा पडली, तर तिच्यातलं आम्ल काही तासांत क्लिअर कोटवर कायमचा वण सोडतं. तापलेला क्लिअर कोट प्रसरण पावतो, मऊ होतो, आणि रात्री आक्रसताना डागाचा आकार धरून बसतो. सिव्हिल लाइन्ससारख्या भागात गर्द झाडांखाली सावलीला गाडी लावणं सगळ्यांनाच आवडतं, मलाही आवडतं. पण झाडावरचे बारीक किडे जो गोड, चिकट रस टाकतात, त्याचे थेंब रंगावर वार्निशसारखे वाळतात. यासाठी डिकीत पाण्याची बाटली आणि दोन स्वच्छ फडके कायम ठेवा. ओला फडका डागावर पाच मिनिटं ठेवून द्यायचा, मग उचलून घ्यायचा. नखानं खरवडायचं नाही.

आतली सफाई त्यामानानं सोपी. मॅट बाहेर काढा, व्हॅक्युम फिरवा, डॅशबोर्ड किंचित ओल्या फडक्यानं पुसा. तुपकट चमक देणारं डॅशबोर्ड पॉलिश मला पसंत नाही. त्याची झळाळी समोरच्या काचेत उमटते आणि दुपारच्या उन्हात रस्ता दिसत नाही. उन्हानं तापलेल्या प्लास्टिकमधून निघणाऱ्या वाफा काचेला आतून धुरकट थर देतात. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचे गोळे दिसायला लागले, की हा थर धरलाय असं समजा आणि काच आतून पुसून घ्या. आपल्याकडे आणखी एक खास डाग असतो, तर्री-पोह्यांचा. सीटवर तर्री सांडली, तर चोळू नका. टिश्यूनं तेल टिपून घ्या, वर थोडा मैदा किंवा टाल्कम पावडर भुरभुरून तासभर ठेवा, मग सौम्य शाम्पूच्या फेसानं टिपा. साबण क्षारयुक्त असेल, तर हळद लाल होते, तेव्हा घाबरून जाऊ नका. उरलेल्या पिवळेपणासाठी गाडी दारं उघडून उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हानं विटतो. नागपूरचं ऊन या एका कामाला फार उपयोगी आहे.

आता सिरॅमिक कोटिंगबद्दल, कारण हल्ली प्रत्येक नव्या गाडीच्या मालकाला ते विकलं जातं. सिलिकावर आधारित हा पातळ थर असतो. त्याच्यावर पाणी थांबत नाही, मळ लवकर सुटतो, उन्हापासून रंगाला आधार मिळतो, हे सगळं खरं. पण ‘नाइन एच’ कडकपणा ऐकून ओरखडेच पडणार नाहीत, असं समजू नका. ते माप पेन्सिलच्या शिशाच्या कडकपणाचं आहे, हिऱ्या-माणकांच्या कडकपणाचं नाही. कोटिंगवर कोरडा फडका फिरवला, तर त्यावरही रेषा पडतात, आणि बोअरचं पाणी वाळलं, तर डागही पडतात. रस्त्यावरून उडणाऱ्या खड्यांपासून वाचायचं असेल, तर पीपीएफ नावाची जाड पारदर्शक फिल्म मिळते, पण ती फार महाग. माझ्यासारख्या सात-आठ वर्षं जुनी गाडी वापरणाऱ्याला दर तीन महिन्यांनी घरी लावलेलं साधं मेण पुरतं. जुन्या रेषा घालवायला रबिंग-पॉलिश करून घेणार असाल, तर लक्षात ठेवा, पॉलिश म्हणजे क्लिअर कोट थोडा घासून सपाट करणं. तो ४०-५० मायक्रॉनचाच आहे. दर दिवाळीला रबिंग करून घ्यायचं म्हटलं, तर काही वर्षांत त्याखालचा रंग उघडा पडेल.

पावसाळ्याचं सांगताना मला २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते. रात्रभर मुसळधार पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घरं बुडाली, माणसं गेली. तिथल्या हाहाकारापुढे गाड्यांचं दुःख छोटंच, पण सकाळी पाणी ओसरल्यावर अनेकांनी जी चूक केली, ती मी डोळ्यांनी पाहिली. ‘चालू होते का बघू’ म्हणून चावी फिरवली. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल, तर ते दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्तीचा खर्च कुठल्या कुठे जातो. पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करायची नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, पाणी कुठपर्यंत आलं होतं त्याचे फोटो काढायचे, विमा कंपनीला कळवायचं आणि टोइंग करून गॅरेजला न्यायची. आतलं सगळं पहिल्या दोन दिवसांत उघडा. सीट काढा, कार्पेट उचला, त्याखालचा फोम बाहेर वाळवा. वरून कार्पेट कोरडं लागतं, पण खालच्या फोममध्ये पाणी साचून वास धरतो आणि पत्रा आतून गंजतो. विमा घेताना इंजिन प्रोटेक्शनची पुरवणी आहे का, तेही बघून ठेवा.

पूर आला नाही तरी एक काम दर पावसाळ्याआधी करायचंच. बॉनेट उघडून काचेच्या बुडाशी असलेल्या खाचेत हात घाला. कडुलिंबाची बारीक पानं तिथे ओंजळभर निघतील. ती पाणी जायची भोकं बुजवतात आणि मग पाणी गाडीत पायाखाली उतरतं. दारांच्या खालच्या कडेलाही अशी भोकं असतात, तीही काडीनं मोकळी करा.

आणि आता सणाचे दिवस. दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो. बॉनेटवर ओल्या हळदीकुंकवानं स्वस्तिक काढतो, झेंडूचा हार तारेनं बांधतो. ती तार वाऱ्यानं हलत दिवसभर रंगावर घासते, म्हणून हार सुती दोऱ्यात ओवलेला घ्या. कुंकू बॉनेटवर काढण्याऐवजी काचेवर काढा, तिथे डाग धरत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गाडी अंगणात असेल, तर फुलबाजी-अनारांपासून लांब लावा. ठिणगी पडली की क्लिअर कोटला सुईच्या टोकाएवढा खड्डा पडतो आणि तो भरून येत नाही. कापडी कव्हर घालायचं असेल, तर आधी गाडी धुतलेली हवी. धुळीवर कव्हर टाकलं, तर रात्रभर वाऱ्यानं तेच घासत राहतं. आणि कव्हरवर ठिणगी पडली तर ते पेटू शकतं, म्हणून फटाके उडवत असाल तिथे कव्हर नकोच.

पाडव्याच्या सकाळी उठाल, तेव्हा गाडीवर फटाक्यांच्या राखेचा करडा थर असेल. त्यात गंधकाचे क्षार आणि धातूंची पूड असते, आणि दवानं तो रात्रीतच ओलसर झालेला असतो. फराळाचं ताट समोर यायच्या आत, ऊन चढायच्या आधी, मगानं चार बादल्या पाणी गाडीवर टाका, टपावरून, काचांवरून, बॉनेटवरून. पाच मिनिटं थांबा. ती राख पायाशी काळ्या ओघळानं उतरायला लागली, की मगच स्पंज हातात घ्या.