महादेवाची परडी

श्रावणी सोमवारी औंढा नागनाथला गेलात, तर रांगेत उभं राहण्याआधी मंदिराबाहेर मिळणाऱ्या परडीत एकदा नीट डोकावून बघा. बेल आहे, तो गरीब. त्याच्या शेजारी लिंबाएवढं काटेरी धोत्र्याचं फळ, रुईची जांभळट फुलं, पांढरी कण्हेर. बेल सोडला तर यातलं काहीही तोंडात घालण्यासारखं नाही. ज्यानं हलाहल पचवलं त्यालाच ही झाडं वाहायची, असा हिशेब आपल्या लोकांनी केव्हाच घालून ठेवलाय. गणपतीच्या एकवीस पत्रींतही धोतरा आणि रुई आहेतच. पोरगा बापावर गेला म्हणायचा.

धोतरा उगवतो उकिरड्याशेजारी, पडक्या वाड्याच्या जोत्यावर, शेताच्या धुऱ्यावर. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. माणसानं खाल्ला तर घशाला कोरड पडते, अंग तापतं, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात आणि तो समोर नसलेल्या माणसांशी बोलायला लागतो. एकोणिसाव्या शतकात वाटसरूंना जेवणातून धोतरा चारून लुटणारे इतके माजले होते, की इंग्रजी दप्तरात त्यांची ‘धतुरिया’ अशी वेगळी जातकुळीच नोंदली गेली.

हे घडतं कसं? आपल्या मज्जातंतूंच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन नावाचा निरोप्या सुटतो. लाळ सोड, घाम आण, बाहुली आकस, हृदय जरा सावकाश चालव, असे त्याचे निरोप. निरोप घेणारी कुलपं पेशींवर असतात. धोत्र्यातलं ॲट्रोपिन नेमकं त्या कुलपात जाऊन बसतं, पण किल्लीसारखं फिरत नाही. निरोप्या दारात ताटकळतो.

आता फवारणीचे दिवस आठवा. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक अंगात गेलं की बरोबर उलटं होतं. काम झालेल्या निरोप्याला संपवणारं एक विकर शरीरात असतं, ते हे औषध बंद पाडतं. मग निरोप्यांची गर्दी हटतच नाही. लाळ आणि घाम थांबत नाही, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, छाती पाण्यानं भरते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक जीव गेले. ऑर्गॅनोफॉस्फेटची बाधा झालेल्या माणसाला दवाखान्यात जे इंजेक्शन पुन्हा पुन्हा देतात, ते ॲट्रोपिनचं. धोत्र्याचा काढा नव्हे हं, मोजून भरलेलं शुद्ध ॲट्रोपिन! तरी गंमत बघा: पाठीवर पंप घेऊन माणूस ज्या धुऱ्यावरून चालतो, तिथं पायाखाली येणाऱ्या तणातच त्याच्या पंपातल्या विषाचा उतारा तयार होत असतो.

औंढ्याच्या डोंगरांकडे वळलं की बिब्बा. कुणाच्या कामात बिब्बा घालायचा तर आधी तो हातात धरावा लागतो, आणि तिथंच फसगत होते. याचा काळा रस धोब्यांनी कपड्यांवर खुणा करायला वापरला. चुना लावला की ती खूण कपडा फाटेपर्यंत जात नाही. एक म्हातारी तो टाचेच्या भेगांत भरते आणि खुशाल चालू लागते. तिची सून नुसतं टरफल उचलते आणि तिच्या अंगावर बिबा उततो, तोंड सुजतं. एकच फळ, दोन न्याय! कारण हा रस आम्लासारखा सगळ्यांना सारखा भाजत नाही. त्यातले तेलकट रेणू कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात, आणि शरीराचे पहारेकरी आपल्याच कातडीला परकी समजून तिच्यावर तुटून पडतात. पहिल्या वेळी बहुधा नुसती ओळख होते, हल्ला पुढच्या खेपेला. आंब्याचा चीक, काजूच्या टरफलाचं तेल, जपानी लाखकामाचा रस, सगळी एकाच कुळातली भावंडं. आणि याच बिब्याच्या पोटातली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवांत पडते. ती फोडून काढणाऱ्या बायकांचे हात मात्र काळे पडतात.

कळलावी पावसाळ्यात कुंपणावर चढते. पाकळ्या ज्वाळेसारख्या, खाली पिवळ्या, वर लाल. बाळंतपणाच्या कळा आणते म्हणून हे नाव पडलं. तिचा कंद रताळ्यासारखा दिसतो आणि त्या भ्रमात जीव गेलेले आहेत. त्यातलं कोल्चिसीन पेशीतले दोरखंड विणू देत नाही. पेशी दोन व्हायला निघते, गुणसूत्रांची दुप्पट तयारी करते, पण ती ओढून वेगळी करायला दोरच नसतात. माणसाच्या आतड्यांत आणि अस्थिमज्जेत असं झालं तर मरण. रोपाच्या कोंबात मुद्दाम केलं तर दुप्पट गुणसूत्रांचं रोप मिळतं. बिनबियांच्या टरबुजाची वाट याच युक्तीतून निघाली. आणि गाऊटच्या ठणकत्या सांध्यावर डॉक्टर हेच कोल्चिसीन अगदी थोडं देतात.

गुंजेबद्दल एवढंच: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. सोनाराच्या तराजूत पिढ्यान्‌पिढ्या निजलेलं ते लालकाळं बी अख्खं गिळलं तर पुष्कळदा टणक कवचासकट तसंच बाहेर पडतं. चावलं तर आतलं ॲब्रिन सुटतं आणि पेशींचा प्रथिनं घडवण्याचा कारखानाच बंद पाडतं.

यातलं काहीच झाडांनी आपल्यासाठी रांधलेलं नाही. त्यांचं भांडण पानं कुरतडणाऱ्यांशी आहे. शरीराची कुलपं किड्यांची, गुरांची आणि आपली बरीचशी सारखी, म्हणून आपणही त्यात सापडतो.

देवळातून परतताना वाटेवरच्या रुईचं पान उलटून बघा. पांढऱ्या चिकानं भरलेलं ते पान काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक अळी निवांत खात बसलेली सापडेल. चिकातली काही विषं ती अंगात साठवते, केशरी पंखांचं फुलपाखरू झाल्यावरही बाळगते. तिला चोचीत धरलेला नवखा पक्षी थुंकून टाकतो आणि पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. फुलपाखरू मग सावकाश, घाई नसल्यासारखं, पुढच्या रुईवर अंडी घालायला जातं.